जुन्या स्पोर्ट्स कारसाठी पावसाळी टायर कसे निवडाल: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्यांसाठी

जुनी स्पोर्ट्स कार नव्यानं घेतलेली मंडळी दिवाळीच्या सुमारास एक प्रश्न हमखास विचारतात: थंडी पडायला लागली, विंटर टायर घालू का? विचारण्यात काही गैर नाही. या गाड्या जर्मनी, जपान, इंग्लंडकडच्या. त्यांच्या पुस्तिकेत हिवाळी टायरला अख्खं पान दिलेलं असतं, आणि जर्मनीतले लोक ऑक्टोबर आला की चाकं बदलूनच टाकतात.

आपल्याकडे मात्र या गाडीला खरा धोका पावसाचा. खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग, कणकुंबी, चोर्ला, पलीकडं आंबोली हा पट्टा देशातल्या सर्वांत ओल्या भागांपैकी आहे. एकट्या आंबोलीत वर्षाला साधारण सात हजार मिलिमीटर पाऊस होतो. आणि गाडी कशी? हलकी, रुंद टायरांची, बहुधा मागच्या चाकांवर ओढणारी, आणि जुनी असल्यामुळे कित्येकदा घसरण सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा नसलेली. अशा गाडीत ओल्या वळणावर तुमच्या हाताशी असतात ते चार टायर. म्हणून ते मृगाच्या आधी, शांतपणे, नीट बघून निवडायचे. वळीव पडायला लागल्यावर धावपळ केली की दुकानदाराकडं असेल ते गळ्यात पडतं.

हे सगळं मागच्या चाकांवर चालणाऱ्या दोन सीटांच्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे: जुनी मर्सिडीज एसएलके, बीएमडब्ल्यू झेड४, पोर्शे बॉक्स्टर. तुमच्याकडं पुढच्या चाकांवर चालणारी जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस किंवा नशिबानं गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म असली तरी बहुतेक गोष्टी तशाच लागू होतात.

१. विंटर टायरचा विषय आधी मिटवा

विंटर टायरचं रबर मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं. साध्या टायरचं रबर थंडीत कडक होतं आणि पकड सोडतं, म्हणून साधारण ७ अंशांच्या खाली विंटर टायर वापरतात. त्याच्या नक्षीच्या ठोकळ्यांवर बारीक बारीक चिरा असतात, त्या बर्फात रुततात. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे, तरी जानेवारीच्या पहाटे पारा बहुतेक वेळा बारा-चौदापर्यंतच उतरतो आणि दुपारी तिशीला टेकतो. या हवेत विंटर टायरचे मऊ ठोकळे ब्रेक मारल्यावर वाकतात, गाडी थांबायला जास्त अंतर घेते, स्टिअरिंग सैल वाटतं आणि टायर भराभर झिजतो. लडाख, काश्मीर किंवा मनालीच्या वर बर्फात जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी.

तरी विंटर टायर ओळखता यायला हवा, कारण जुन्या गाडीवर तो आधीपासूनच बसलेला असू शकतो. बाहेरून आलेल्या वापरलेल्या टायरांच्या ढिगातही तो सापडतो, आणि 'जर्मनीचा माल आहे, नवाच दिसतोय' म्हणून विकलाही जातो. बाजूच्या भिंतीवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असेल तर तो बर्फावर चाचणी झालेला विंटर किंवा ऑल सीझन टायर. नुसतं 'एम+एस' (M+S, म्हणजे चिखल आणि बर्फ) असेल तर ते कंपनीनं स्वतःच छापलेलं असतं, त्यामागं चाचणी असेलच असं नाही. जर्मनीत १ जानेवारी २०१८ नंतर बनलेल्या टायरला हिवाळ्यासाठी डोंगर-हिमकणाचं चिन्ह सक्तीचं झालं, आणि जुन्या एम+एस टायरांची सवलत ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. आपल्याकडं काही एसयूव्ही टायरांवरही एम+एस दिसतं. पावसातली पकड त्यावरून कळत नाही.

हिवाळी टायरचं पुस्तिकेतलं पान मात्र फाडू नका. तिसऱ्या पायरीत ते कामी येणार आहे.

२. गाडीवर बसलेले टायर आधी घरी तपासा

जुन्या स्पोर्ट्स कारचा टायर क्वचितच झिजून संपतो, तो वयानं संपतो. गाडी रविवारी निघते, एरवी झाकून उभी असते. नक्षी सहा-सात मिलिमीटर शिल्लक असते, मालकाला वाटतं टायर चांगला आहे. पण रबर आतून कडक झालेलं असतं. सुक्या रस्त्यावर ते कळत नाही. ओल्या रस्त्यावर पहिल्या जोराच्या ब्रेकला कळतं.

म्हणून सर्वांत आधी तारीख वाचा. भिंतीवर 'डॉट' (DOT) अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते, तिच्या शेवटी लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बनलेला. पूर्ण ओळ बऱ्याच टायरांच्या एकाच बाजूला असते. बाहेर आकडे दिसले नाहीत तर ते आतल्या बाजूला आहेत. टॉर्च घेऊन गाडीखाली वाकावं लागेल किंवा चाक काढावं लागेल. तीनच आकडे असतील तर टायर २००० सालाच्या आधीचा आहे. तो कितीही देखणा असला तरी त्यावर गाडी चालवू नका.

माझा हिशेब असा: पाच वर्षांपर्यंत निश्चिंत, पाच ते सहा वर्षांत पावसाळ्याआधी जाणकाराकडून तपासून घ्यायचा, सहाच्या पुढं घाटात न्यायचा नाही. काही टायर कंपन्या दहा वर्षं ही शेवटची मर्यादा सांगतात. पण ती सर्वसाधारण गाडीची, सर्वसाधारण वापराची गोष्ट. आपल्याकडं एप्रिलच्या उन्हात पत्र्याच्या शेडखाली उभ्या राहणाऱ्या टायरला तितकी मुदत मी देणार नाही.

मग हात लावून बघा. टायरच्या दोन ठोकळ्यांमधल्या खाचेत, अगदी तळाशी, अंगठ्याचं नख दाबा. ताजं रबर किंचित दबतं आणि नख काढल्यावर हळूच पूर्वपदावर येतं. म्हाताऱ्या रबरावर नख नुसतं सरकतं. खाचेच्या तळाशी आणि भिंत जिथं रिमला भेटते तिथं टॉर्चचा उजेड आडवा पाडा. केसासारख्या बारीक भेगा समोरून बघून दिसत नाहीत, आडव्या उजेडात दिसतात. भिंतीवर फुगा आलेला असेल तर आतले धागे तुटलेत. तो टायर त्याच दिवशी बाद.

नक्षीची खोली मापकानं मोजा. मापक नसेल तर काडेपेटीची काडी खाचेत उभी धरा, नखानं खूण करा आणि पट्टीवर ठेवा. कारसाठी कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. खाचेत मधे मधे आडवे उंचवटे असतात ते त्याच उंचीचे. नवा टायर साधारण आठ मिलिमीटरचा. चोर्ल्याच्या पावसासाठी ३ मिलिमीटर हीच आपली मर्यादा धरा. त्याखाली खाचांना पाणी बाहेर फेकायला जागा उरत नाही.

आणि हे विसरू नका: आतली कड. या गाड्यांची चाकं वरून थोडी आत झुकलेली असतात, त्यात सस्पेन्शनचे रबरी बुश जुने झाले किंवा कुणी गाडी खाली बसवली असली की टायर आतल्या कडेला गोटा होतो आणि बाहेरून बघणाऱ्याला नवा दिसतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढची कड बघा, मागची जॅकवर. आतली कड झिजलेली असेल तर नुसता टायर बदलून उपयोग नाही. आधी बुश आणि बॉल जॉइंट, मग टायर, मग अलाइनमेंट (चाकांचा कोन जुळवणं), याच क्रमानं खर्च करा.

३. माप पक्कं करा

सध्या गाडीवर जे माप आहे तेच बरोबर, असं धरून चालू नका. आधीच्या मालकानं मिळालं ते बसवलेलं असू शकतं. खरं माप ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत चिकटवलेलं असतं, आणि पुस्तिकेत असतं.

२०५/५५ आर १६ ९१ व्ही असं लिहिलेलं असेल तर २०५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ५५ म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के, १६ हा रिमचा इंचातला व्यास. ९१ हा भाराचा आकडा, त्याचा अर्थ एका टायरवर ६१५ किलो. व्ही हे वेगाचं अक्षर, ताशी २४० किलोमीटरपर्यंत. एच २१०, डब्ल्यू २७०, वाय ३००. तुम्ही त्या वेगानं जाणार नाही हे खरं, तरी वेगाचं अक्षर आणि भाराचा आकडा पुस्तिकेपेक्षा कमी घेऊ नका. वरच्या अक्षराच्या टायरची बांधणी उष्णतेला जास्त टिकते, आणि अपघात झालाच तर विमा सर्वेक्षक पहिल्यांदा तिथंच बोट ठेवतो.

आता अडचणीची गोष्ट. यांपैकी कित्येक गाड्यांना पुढं अरुंद आणि मागं रुंद टायर असतात. २००४ नंतरच्या एसएलकेला १६ इंची चाकांवर पुढं २०५/५५ आणि मागं २२५/५० आर १६. पुढचं माप कुठंही मिळतं, कारण ते साध्या सेडान गाड्यांचंही आहे. मागच्यासाठी हुबळी, कोल्हापूर, पुणे फोनवर पालथं घालावं लागतं. मग दुकानदार सुचवतो, 'त्यापेक्षा दुसरं माप बसतंय की ओ.' बसतं, पण बाहेरचा व्यास जुळायला हवा. हिशेब सोपा आहे: रुंदी गुणिले टक्केवारी, त्याची दुप्पट, अधिक रिम इंच गुणिले २५.४. २०५/५५ आर १६ चा व्यास ६३२ मिलिमीटर येतो, २२५/५० आर १६ चा ६३१. म्हणजे पुढची-मागची चाकं एका फेरीत जवळजवळ सारखं अंतर कापतात, आणि एबीएस, म्हणजे ब्रेक लावल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, त्यावरच भरवसा ठेवून काम करतं. मागं २०५/६० बसवलात तर व्यास ६५२ होतो, म्हणजे तीन टक्क्यांहून जास्त फरक. स्पीडोमीटर चुकतो, एबीएस गोंधळतं, वळणावर टायर मडगार्डला घासूही शकतो.

पुस्तिकेतलं हिवाळी टायरचं पान आता उघडा. कंपन्या हिवाळ्यासाठी बऱ्याचदा अरुंद आणि थोड्या उंच भिंतीचं माप मंजूर करतात, कारण रुंद टायर बर्फावर तरंगतो. पाण्यावरही तो तरंगतोच. त्या पानावरच्या मापाचा साधा, ओल्या रस्त्यावर चांगला टायर घेतलात तर कंपनीनंच मान्य केलेलं माप मिळतं, पाण्यावर गाडी उशिरा तरंगते, भिंत उंच असल्यानं जांबोटी रस्त्यावरच्या खड्ड्यांत रिम वाचतो, आणि पुष्कळदा हे माप सहज मिळतंही. एक गोष्ट मात्र तपासा: त्या मापापुढं रिमची रुंदी लिहिलेली असते, जसं ७ जे किंवा ८ जे. तुमच्या रिमच्या आतल्या बाजूला कोरलेला आकडा तोच असला पाहिजे. रुंद रिमवर अरुंद टायर ओढून बसवणं धोक्याचं आहे.

उलट दिशेनं, म्हणजे दिसायला भारी म्हणून मंजूर मापापेक्षा रुंद टायर, हा मोह सोडा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीत केलेल्या बदलांवर बंधनं आहेत, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पावसात तो टायर तुमच्याच विरुद्ध काम करतो.

४. टायरचा प्रकार निवडा

नावांवर वाद घालण्यात रात्री जातात. मी फक्त तीन गोष्टी बघायला सांगतो.

एक, नक्षी. गोल फिरणाऱ्या तीन-चार खोल, सरळ खाचा असाव्यात. उभं पाणी त्याच बाहेर काढतात. ट्रॅकसाठीचे, जवळजवळ गुळगुळीत टायर सुक्या रस्त्यावर झकास वाटतात, पण साचलेल्या पाण्यात ते गाडी उचलतात.

दोन, भिंतीवरच्या 'ट्रॅक्शन' शब्दापुढचं अक्षर. ही अमेरिकन पद्धतीची श्रेणी आहे, ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लावून ठरवलेली: एए सर्वांत चांगली, मग ए, बी, सी. स्पोर्ट्स कारला एए किंवा ए. त्याच्याजवळचा 'ट्रेडवेअर'चा आकडा जितका मोठा तितका टायर जास्त चालतो, आणि सहसा रबर तितकं कडक. टॅक्सीवाल्याला मोठा आकडा परवडतो. आपली गाडी वर्षाला थोडीच चालते, टायर झिजायच्या आधी वयानं जाणार आहे, मग जास्त चालणाऱ्या कडक रबराचे पैसे कशाला द्यायचे? मधला आकडा आणि चांगलं ट्रॅक्शन, हे गणित आपल्याला जुळतं.

तीन, चारही टायर एकाच मॉडेलचे. निदान एका अॅक्सलवरचे, म्हणजे पुढचे दोन किंवा मागचे दोन तरी अगदी एकसारखे हवेतच. पुढं एका कंपनीचे नवे आणि मागं दुसऱ्या कंपनीचे जुने अशी गाडी ओल्या वळणावर मागून सुटते. दोनच घेणं परवडत असेल आणि माप चारही चाकांना सारखं असेल, तर नवे टायर मागं जातात. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी करून सावरता येते. मागची घसरली तर गाडी गरकन फिरते. दुकानात पुष्कळदा याच्या उलट सल्ला मिळतो, तिथं ठाम राहा.

मिशेलिन, ब्रिजस्टोन, कॉन्टिनेंटल, गुडइयर, योकोहामा यांच्या ओल्या पकडीसाठी ओळखल्या जाणाऱ्या मालिका आहेत, आणि अपोलो, सिएट, एमआरएफ यांचीही १६ आणि १७ इंची मापं मिळतात. तीन वर्षं गोदामात पडलेल्या महागड्या टायरपेक्षा तीन महिन्यांपूर्वी बनलेला मध्यम किमतीचा टायर मी डोळे झाकून घेईन.

रन-फ्लॅट टायरवर आलेल्या गाडीत स्टेपनी नसते. रन-फ्लॅट पंक्चर झाल्यावरही साधारण ८० च्या वेगानं ८० किलोमीटर नेतो, पण भिंत कडक असल्यामुळे आपल्या रस्त्यांवर हाडं खिळखिळी करतो. साधे टायर घालायचे असतील तर हवेचा छोटा कॉम्प्रेसर आणि पंक्चरचं सामान डिकीत ठेवल्याशिवाय घालू नका. कणकुंबी ओलांडल्यावर मोबाइलची रेंज कुठं जाते ते सगळ्यांना माहीत आहे.

५. दुकानात जाताना काय न्यायचं

- दारावरच्या मापाच्या स्टिकरचा आणि पुस्तिकेतल्या पानाचा फोटो
- आरसीची प्रत. बिलावर गाडीचा नंबर घालून घ्या, मग ती केए-२२ असो, केए-२३ असो की एमएच-०९
- लॉक असलेल्या बोल्टची चावी. जुन्या गाडीत ही हरवलेली असते, आणि ते कळतं गाडी जॅकवर चढल्यावर
- टॉर्च, नक्षी मोजायचं मापक, हवेचा स्वतःचा गेज
- चाकाचे बोल्ट किती घट्ट आवळायचे तो पुस्तिकेतला आकडा, चिठ्ठीवर लिहून

६. दुकानात

फोनवर माप आणि भाव विचारता तसंच उत्पादनाची तारीखही विचारा. 'नवाच आहे' हे उत्तर नाही. चार आकडे वाचून दाखवा म्हणावं, किंवा फोटो पाठवा. अवघड मापाचे टायर कमी खपतात, म्हणून तेच जास्त दिवस पडून असतात. आपल्या गाड्यांच्या मागच्या चाकांवर नेमकी हीच पाळी येते. मी एक वर्षाच्या आतला मागतो, अगदीच दुर्मिळ माप असेल तर दोन वर्षांपर्यंत. टायर समोर आला की पुन्हा चारही बघायचे, कारण तीन ताजे आणि चौथा भलत्याच सालचा असं होतं. दुकानदार म्हणेल, 'काय होत नाही ओ काका, सावलीतच होता.' आपण शांतपणे म्हणायचं, 'अण्णा, तारखेचा बघून दुसरा काढा, थांबतो मी.' चांगला दुकानदार काढतो.

आयएसआयचं चिन्ह बघा. भारतात विकल्या जाणाऱ्या कारच्या टायरला आयएस १५६३३ हे मानक लागू आहे. जून २०२० पासून नव्या टायरांच्या आयातीवर निर्बंध आले, तेव्हापासून विचित्र मापांची टंचाई वाढली आणि वापरलेल्या परदेशी टायरांचा मोहही. वापरलेला टायर या गाडीला नको. तो कुणी, कसा, किती वजनाखाली वापरला, आतून कापलाय का, हे सांगणारं कुणी नसतं. रिमोल्डचा, म्हणजे झिजलेल्यावर नवं रबर चढवलेल्या टायरचा, तर विचारही नको.

सीमाभागात एक जुनी सवय आहे: पलीकडं स्वस्त मिळतं म्हणून गोव्याला किंवा कोल्हापूरला जायचं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यापासून टायरवरचा कर तिन्हीकडं सारखाच आहे, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो २८ वरून १८ टक्क्यांवर आला. भावातला फरक उरला तो दुकानाच्या सवलतीचा आणि साठा किती जुना यावरचा. कोल्हापुरात ताजा टायर असेल तर निपाणीवाल्यानं खुशाल जावं. पण पक्कं बिल घ्या, त्यावर टायरचे क्रमांक असू द्यात. बिलाशिवाय मिळणारी सूट वॉरंटीच्या दिवशी महाग पडते.

७. टायर चढवताना शेजारी उभे राहा

चहा पाजायला नेलं तरी जाऊ नका, चहा तिथंच मागवा. जुने अलॉय रिम मऊ असतात. यंत्राचा लोखंडी ओठ कडेला लागला की कायमचा ओरखडा. प्लॅस्टिकची टोपी लावून काम करायला आधीच सांगा. टायर निघाला की रिमची कड बघा. आपल्या दमट हवेत तिथं पांढरट गंज धरतो आणि हवा हळूहळू गळते. ब्रशनं साफ करून घ्या. वॉल्व्ह नवे घालायचेच, ते स्वस्त असतात.

टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो वॉल्व्हजवळ यायला हवा, टायरची ती बाजू सर्वांत हलकी असते. भिंतीवर बाण आणि 'रोटेशन' लिहिलेलं असेल तर टायर त्याच दिशेनं फिरला पाहिजे. 'आउटसाइड' लिहिलेली बाजू बाहेर. उलटा बसलेला टायर पाणी बाहेर टाकण्याऐवजी मधे ओढतो, आणि गाडी दिसायला अगदी ठीक दिसते. चारही चाकं जमिनीवर येण्याआधी स्वतः फिरून बघा.

बोल्ट आधी हातानं फिरवायचे, मग हवेच्या गनऐवजी टॉर्क पान्यानं, चिठ्ठीवरच्या आकड्याइतके. गननं पिळलेला बोल्ट रस्त्यात पंक्चर झाल्यावर तुमच्या पान्यानं सुटत नाही. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासा. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट त्याच दिवशी. अलाइनमेंटचा आधीचा-नंतरचा छापील कागद मागून घ्या. मागच्या चाकांचीही अलाइनमेंट होते अशी सोय सगळीकडं नसते, म्हणून विचारूनच गाडी आत घाला.

८. हवा

हवेचा आकडा स्टिकरवरचा, पुढचा वेगळा, मागचा वेगळा, आणि सकाळी गाडी हलवण्याआधीचा. टायरच्या भिंतीवर असतो तो कमाल दाब, तो भरायचा नसतो.

पावसात हवा कमी ठेवली की पकड वाढते, असं अजून कित्येकजण मानतात. पाण्याच्या बाबतीत ते उलट आहे. नासानं विमानांच्या चाकांसाठी काढलेलं एक जुनं सूत्र आहे, त्यात टायर पाण्यावर तरंगायला लागतो तो वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. त्या हिशेबानं ३२ पीएसआयला तो ताशी साधारण ९४ किलोमीटर येतो, २५ पीएसआयला ८३. कारला हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. नक्षी, रुंदी, पाण्याची खोली सगळं बदलतं. दिशा मात्र तीच: हवा कमी, तर गाडी कमी वेगाला तरंगते.

गोव्याला उतरणाऱ्यांसाठी एक बारकावा. बेळगावात भरलेली हवा पणजीत मोजली तर उंचीच्या फरकामुळं गेजवर सव्वा पीएसआयच्या आसपास कमी दिसते. खाली उष्मा जास्त असतो, त्यानं ती पुन्हा थोडी वाढते. तेव्हा तिथं गरम टायरवर गेज लावून हवा काढत-भरत बसू नका.

नायट्रोजनचा आग्रह असेल तर घाला, नसेल तर सोडा. साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो.

९. चढवल्यावर लगेच घाट नको

नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा थर असतो. पहिले दोन-तीनशे किलोमीटर तो जाईपर्यंत सावकाश चालवा, जोराचा ब्रेक नको, वळणावर अॅक्सिलरेटर नको. महामार्गावर धारवाडकडं निवांत फेऱ्या मारा, वंटमुरी किंवा तवंदी घाट सुक्या दिवशी करा, मग चोर्ला. म्हणूनच टायर मे महिन्यातच चढलेले बरे.

वळिवाच्या पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत कितीही चांगला टायर असला तरी वेग उतरवा. उन्हाळाभर साचलेलं तेल, रबर आणि धूळ पाण्यावर येते, आणि लाल मातीच्या भागात त्याचा गुळगुळीत राडा होतो. घाटात डोंगराकडच्या कडेनं पाण्याचे ओहोळ रस्ता आडवा कापतात, ते सरळ चाकांनी, ब्रेक न लावता ओलांडा. स्टिअरिंग अचानक हलकं झालं तर टायर तरंगतोय; पाय हळू उचला, स्टिअरिंग तसंच धरा, टायर पुन्हा रस्त्याला टेकू द्या.

पाऊस संपला की लगेच उसाचा हंगाम सुरू होतो. संकेश्वर, चिकोडी, अथणीच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरांच्या चाकांतून पडलेला ओला चिखल वळणावरच जास्त असतो, आणि रात्री तो दिसत नाही. दसऱ्याला गाडी धुवून पूजा करता तेव्हाच चारही टायरांच्या आतल्या कडा बघा, खाचांत अडकलेले खडे पेचकसानं काढा, नक्षीचं माप वहीत लिहून ठेवा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर हवा दोन-तीन पीएसआय जास्त ठेवा आणि दर आठवड्याला हातभर पुढं-मागं करा, म्हणजे टायर एकाच जागी चपटा होत नाही. पुन्हा बाहेर काढताना जादा हवा सोडून आकडा स्टिकरवर आणा.